तालीम

‘मी तालमीला निघालो’ असे कोणी म्हणाले, तर तो कोठे निघाला आहे? हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो; पण मराठीत त्याची उत्तरे दोन आहेत. खांद्यावर लंगोट टाकून निघालेला मुलगा व्यायामशाळेच्या लाल मातीकडे वळेल; आणि हातात नाटकाची वही घेऊन निघालेला मुलगा रंगमंचाकडे वळेल. कुस्तीच्या शाळेलाही आपण तालीम म्हणतो आणि नाटकाच्या पूर्वतयारीलाही तालीमच म्हणतो. शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ शिक्षण. तो आपल्याकडे आला आणि एकाच वेळी दोन घरी नांदू लागला.

हा केवळ शब्दाचा योगायोग नव्हे. ‘फड’ हा शब्द पाहा. कुस्त्यांचा फड असतो, तसाच तमाशाचाही फड असतो. गवयाला घडविणारा तो उस्ताद, आणि मल्लाला घडविणारा तो वस्ताद. दोन्ही एकाच शब्दाची रूपे. मैफल रंगते, नाटक रंगते आणि कुस्तीही रंगतेच. मल्ल एकमेकांना सलामी देऊन भिडतात, तर तमाशात मुजरा असतो. ज्या लोकांनी हे शब्द घडविले, त्यांच्या मनात खेळ आणि कला यांच्यामध्ये आपण आज घालतो तशी भिंत नव्हती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात मल्लांचा आहार, त्यांचा व्यायाम आणि त्यांच्या लढती यांचे वर्णन आहे. आणि त्या प्रकरणाचे नाव आहे ‘मल्लविनोद’. गायन, नृत्य, कथा यांच्याप्रमाणे मल्लयुद्ध हाही राजाचा एक विनोद, म्हणजे मन रमविण्याचा प्रकार, असे ग्रंथकर्त्याने मानले आहे.

परंतु राजाच्या मनोरंजनाचा हा खेळ सामान्य जनांच्या जीवनात इतका खोल कसा रुजला? आणि तेथे रुजल्यावर त्या जीवनाने त्याला कोणता आकार दिला? हे पाहावयाचे तर कोल्हापूरला गेले पाहिजे.

राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली इंग्लंडच्या बादशहाच्या राज्यारोहणासाठी विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन भव्य क्रीडागार पाहिले आणि आपल्या राजधानीतही असे एखादे मैदान असावे, असा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. त्याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. मधला हौद, म्हणजे मातीचा आखाडा, बरोबर सर्वांच्या दृष्टीच्या टप्प्यात येईल अशा बेताने मैदान खोलगट ठेवले आहे. सभोवार जमीन पायरीपायरीने चढत जाते. त्यामुळे पुढे बसलेल्याच्या फेट्याची मागच्या प्रेक्षकाला अडचण होत नाही, आणि एकही खांब दृष्टीच्या आड येत नाही. शेवटच्या रांगेतल्या हमालालाही पहिल्या रांगेतल्या सरदाराइतकीच कुस्ती दिसावी, ही सोय दगडमातीत बांधून ठेवलेली आहे. ज्या राजाने शाळा आणि पाणवठे सर्वांना खुले केले, त्याच्या मैदानाची बांधणी अशी असावी यात नवल नाही.

या मैदानाला लागूनच महाराजांनी एक नाट्यगृह उभारले. ते १९१५ मध्ये पूर्ण झाले. प्रथम त्याला पॅलेस थिएटर म्हणत. पुढे कोल्हापूरचेच सुपुत्र, ललितकलादर्श नाटक मंडळीचे संस्थापक, गायक नट केशवराव भोसले यांचे नाव त्याला देण्यात आले. नाट्यगृहाची मागची बाजू खासबागेकडे आहे आणि तेथे मैदानाकडे तोंड केलेला एक खुला मंच आहे. एका अंगाला संगीत नाटक, दुसऱ्या अंगाला कुस्ती. मध्ये फक्त एक भिंत. दिवसा ज्याने मैदानात आरोळ्या ठोकल्या, तोच प्रेक्षक रात्री पदाला ‘वन्स मोअर’ देत असे. असल्या शेजाराचा परिणाम दोघांवरही झाल्याखेरीज कसा राहील?

तो परिणाम कुस्तीवर कसा झाला, हे गावच्या जत्रेत चांगले दिसते. चैत्र-वैशाखात पिके निघून शेते मोकळी झाली म्हणजे गावोगाव ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात. पालखी निघते, नैवेद्य होतात आणि तिसऱ्या प्रहरी कुस्त्यांना तोंड लागते. प्रारंभ अगदी लहान मुलांपासून. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. सात-आठ वर्षांची दोन पोरे लंगोट कसून एकमेकांना भिडतात, एक पडतो, दुसरा मूठभर रेवड्या घेऊन आईकडे धावत सुटतो आणि सारे मैदान हसते. मग हळूहळू इनामाची रक्कम वाढत जाते, मल्लांचे वय आणि वजन वाढत जाते, आणि दिवस कलताना पहिल्या नंबरची कुस्ती लागते. ही चढती रचना कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नाही. ती कीर्तनकाराला ठाऊक असते आणि तमासगिरालाही ठाऊक असते. श्रोत्याला आधी हलके हसवावे, मग गुंतवावे आणि शेवटी श्वास रोखून धरावयास लावावे, ही कथनाची कला कुस्तीच्या फडाने लोकरंजनाच्या परंपरेतून उचलली.

आणि हलगी! हलगीवाचून कुस्ती ही मिठावाचून भाकरीसारखी. मल्ल खडाखडी करीत असतात, एकमेकांच्या मनगटाचा, मानेचा अंदाज घेत असतात, तोवर हलगीही संथ चालीत बोलते. एकाने पट काढला, दुसरा निसटला, की तिची लय वाढते. डावावर प्रतिडाव पडू लागले, की ती अशी काही कडाडते की जागच्या जागी बसणे कठीण होते. वाजविणारा केवळ ताल धरीत नाही. तो कुस्ती वाचीत असतो. डाव न समजणाऱ्या माणसालासुद्धा आता काहीतरी घडणार आहे हे हलगीवरून कळते. तिच्या जोडीला हल्ली निवेदकही असतो. ध्वनिक्षेपकावरून तो मल्लाचे गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या घराण्याची कीर्ती हे सारे शाहिरी थाटात सांगतो. उत्तम निवेदकाला मैदाने आधीपासून बोलावतात. मला मात्र निवेदक चार शब्द कमी बोलला आणि हलगी अधिक ऐकू आली, तर बरे वाटते.

आता दुसरी बाजू पाहू. कुस्तीने लोकजीवनाला काय दिले?

सर्वांत मोठे देणे भाषेचे आहे. ज्याने आयुष्यात कधी आखाडा पाहिला नाही, तोही दिवसातून दोनदा आखाड्याची भाषा बोलतो. निवडणूक आली, की उमेदवार शड्डू ठोकतात, दंड थोपटतात, आखाड्यात उतरतात. निकालानंतर एखादा चारी मुंड्या चीत होतो, एखाद्याला धोबीपछाड मिळते. दोघांचे आतून संगनमत आहे असा संशय आला, तर लोक ‘ही नूरा कुस्ती आहे’ असे म्हणतात. नूरा कुस्ती म्हणजे आधीच ठरवून केलेली, प्रेक्षकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारी लढत. वर्तमानपत्रातला क्रिकेटचा वृत्तान्त वाचा. तेथेही एक संघ दुसऱ्याला अस्मान दाखवितो. चीत झालेला मल्ल पाठीवर पडतो, त्याची नजर आभाळाकडे लागते. तेच हे अस्मान. गोलंदाजाने कोणाला जमिनीवर पाडलेले नसते. पण वाचकाला अर्थ तत्काळ कळतो.

नाटक आणि चित्रपट यांनीही आखाड्याची शक्ती ओळखली होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली, पण कीचकाच्या उन्मत्तपणात प्रेक्षकांना परकीय सत्तेचा अधिकारी दिसला आणि भीमाच्या बाहूंत आपले सामर्थ्य दिसले. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी तेच कथानक ‘सैरंध्री’ या मूकपटात आणले. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे उतरले होते, की ते कापावे लागल्याची आठवण चित्रपटाच्या इतिहासात नोंदलेली आहे. मूकपटात संवाद नव्हते. जे काही सांगावयाचे ते शरीरानेच. ज्या गावात गल्लोगल्ली तालमी, त्या गावच्या कलावंताला पीळदार शरीराची भाषा शिकण्यासाठी दूर जावे लागले नसणार, असे मला वाटते.

पुढे आनंद यादव यांनी ‘नटरंग’ ही कादंबरी लिहिली आणि २०१० साली तीवरून त्याच नावाचा चित्रपट निघाला. त्यातला गुणा हा कसलेल्या शरीराचा शेतमजूर. त्याला तमाशाचा फड उभारावयाचा आहे. पण फडात नाच्या मिळत नाही, आणि शेवटी स्वतःलाच ती भूमिका पत्करावी लागते. तालमीत कमावलेले शरीर तो तमाशासाठी उतरवून टाकतो. गावाने ज्या शरीराचे कौतुक केले, त्याच शरीराच्या नव्या हालचालींची गाव हेटाळणी करते. एका फडाचा माणूस दुसऱ्या फडात गेला, तर लोक त्याला कोणत्या नजरेने पाहतात, हा या कथेचा विषय आहे. दोन फड कितीही शेजारी असले, तरी मर्दपणाविषयीच्या समजुतींची एक भिंत त्यांच्यामध्ये उभी होतीच. गुणाने ती अंगावर घेतली.

याच्या उलट एक उदाहरण पंजाबचे आहे. प्रत्येक तालमीत मारुतीची मूर्ती असते. मल्ल तिला नमस्कार करून मातीत उतरतो. बलाची ही देवता मल्लांनी शतकानुशतके पूजिली. १९८७ साली दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली, तेव्हा हनुमंताच्या भूमिकेसाठी निवड झाली ती दारासिंग या नामांकित मल्लाची. तोवर त्यांनी चित्रपटांतही नाव मिळविले होते. त्यानंतर असंख्य घरांत हनुमान म्हटले की दारासिंगांचाच चेहरा आठवू लागला. ज्या देवाने मल्लाला घडविले, त्या देवाला लोकांच्या मनात एका मल्लाने रूप दिले!

आता खाशाबांविषयी सांगितले पाहिजे. कारण येथवर मी मैदानाच्या रंगाविषयीच बोललो, आणि त्या रंगाची किंमत कोण मोजतो हे बाजूलाच राहिले.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. कुस्ती त्यांच्या घरचीच होती. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात ते शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहावा क्रमांक मिळाला. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहाव्या क्रमांकाचे मोल कळते. मातीत पाठ टेकेपर्यंत झुंज चाले. गादीवर घड्याळ आणि गुण यांचे राज्य. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न पैशाचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. १९५२ च्या जुलैत खाशाबांनी हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

ते परत आले, तेव्हा कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, ताशे, गुलाल. एरवी जो सोहळा ग्रामदैवताच्या पालखीचा, तो एका माणसाच्या वाट्याला आला. लोकांना आनंद व्यक्त करण्याची ही एकच रीत ठाऊक होती आणि ती त्यांनी सढळ हाताने वापरली. परंतु मिरवणुकीने घराचे गहाण सुटत नाही. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः मातीत उतरले आणि त्यातून मिळालेल्या पैशाने ते ऋण फेडले. ऑलिंपिकने पदक दिले, पण गुरूचे घर सोडवून आणले ते तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकांनी. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात रुजू झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. मिरवणूक तत्काळ निघाली. शासकीय सन्मानाला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

संस्थाने विलीन झाल्यावर मल्लांचा राजाश्रय संपला. खुराक कोणी द्यावयाचा? दूध, तूप, बदाम यांचा खर्च शेतकऱ्याच्या घराला पेलणारा नसतो. कोल्हापुरात संध्याकाळी गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध देतात. ही चाल मल्लांच्या खुराकाशीच निगडित आहे. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्यास आरंभ केला, आणि १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ची स्पर्धा सुरू झाली. तिची चांदीची गदा ज्याच्या खांद्यावर, त्याची छायाचित्रे पानपट्टीच्या दुकानापासून न्हाव्याच्या आरशापर्यंत सर्वत्र लागतात. राजाचे आसन अशा रीतीने लोकांनी घेतले.

लोकाश्रयाचे गुण आहेत, तसे दोषही आहेत. प्रेक्षकाला रंग हवा असतो. त्या रंगापायी जोड कधी विजोड लागते, इनामाचे आकडे फुगतात, आणि नूरा कुस्तीचा मोहही तेथेच जन्मतो. राजासमोर फसवणूक केली तर शिक्षा होई. लोकांसमोर केली तर लोक पुढल्या वर्षी येत नाहीत, आणि ही शिक्षा प्रामाणिक मल्लालाही भोगावी लागते. मात्र लोकांच्या आवडीने काही बंद दारे उघडली, हेही नाकारता येत नाही. हरियाणातील गीता फोगट हिने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०१६ मध्ये ‘दंगल’ या चित्रपटाने तिची आणि तिच्या बहिणीची कथा घरोघरी पोचविली. आपल्याकडे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगली येथे झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. हे एका चित्रपटामुळे झाले, असे मी म्हणणार नाही. मुली त्याआधीही घाम गाळीतच होत्या. पण मुलीला तालमीत धाडताना बापाला शेजाऱ्यापाशी जे स्पष्टीकरण द्यावे लागे, ते अशा कथांमुळे थोडे सोपे झाले असावे.

तालमींनी स्वतःही किती रूपे घेतली पाहा. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे. गणेशोत्सव ती साजरा करते; काही तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. पूर आला, की तरुण प्रथम तेथेच जमतात. आणि गंमत अशी, की याच तालमींचे आज फुटबॉलचे संघ आहेत! पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ हे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तेव्हा पेठांची जुनी ईर्षा नव्या चेंडूमागे धावत असते. खेळ बदलला, नाव मात्र तालीमच राहिले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, छप्पर, आसने सारे जळाले. खासबागेच्या बाजूच्या मंचालाही झळ पोचली. ज्वाळा पाहावयास जमलेल्या गर्दीत नट होते, प्रेक्षक होते, आणि कुस्तीशौकीनही होते. आपले काय जळते आहे, हे त्यांच्यापैकी कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. पुढे नाट्यगृह पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले.

जत्रेच्या दिवशी शेवटची कुस्ती सुटते, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. विजयी मल्लाला खांद्यावर घेऊन लोक निघून जातात. हौदातली माती पायांनी तुडवून सैरभैर झालेली असते. हलगीवाला एकीकडे बसतो, वाळकी पाने गोळा करून जाळ करतो आणि सैल पडलेले कातडे त्यावर धरून तापवितो. दोन बोटांनी टिचकी मारून पाहतो, पुन्हा तापवितो. देवळापलीकडे तमाशाची कनात उभी राहिलेली असते, आणि तेथून त्याला कोणीतरी हाक मारीत असते.